पूजेतली टोपी

“हे फुकटचं प्रकरण आता बास,” लॅबचे प्रमुख सुमंत सर म्हणाले. “अकराला परीक्षक येतायत. एखादं गाणं हॉलमधल्याच मशीनवर लाव आणि वरून आलं म्हणून सांग. कुणाला काय कळणार आहे?”

प्रियंकाच्या अंगाचा तिळपापड झाला. सांगलीच्या त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या या उंब्रजच्या पोरीने सहा महिने एकाच प्रोजेक्टमध्ये घातले होते. वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये माईकसमोर बोलायचं आणि ते खालच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरमधून ऐकू यायचं. त्यासाठी घेतलेला प्रोग्राम कुणा कंपनीचा नव्हता. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही उघडून बघावा आणि सुधारावा असा. प्रियंकाने त्यातली एक चूक शोधून, दुरुस्त करून, नेट कॅफेतून पाठवली होती. पुढच्या आवृत्तीत मदत करणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलं, गावासकट. एकोणीसशे नव्याण्णव साली उंब्रज हे नाव कुठल्या कुठे जाऊन पोचलं होतं, आणि सर म्हणत होते, खोटं वाजव.

“नाही वाजवणार, सर.”

“मग बस नापास होऊन. दसऱ्याच्या सुट्टीआधी चालत होतं, आता तो प्रोग्रामच सांगतोय, जोडणी होत नाही. फुकटात मिळालेलं असंच ऐनवेळी तोंडावर पाडतं.” सर पाय आपटत निघून गेले. सर माणूस म्हणून वाईट नव्हते, पण न वापरलेल्या गोष्टीबद्दल ठाम बोलायची त्यांना भारी हौस.

साडेनऊ झाले होते. प्रियंकाने आधी प्रोग्रामला हात लावला नाही. लॅबमधून हॉलच्या मशीनला नुसती हाक मारणारा हुकूम दिला. उत्तर नाही. शेजारच्या मशीनला हाक मारली. तेही मुकं. म्हणजे घोडं पेंड खात होतं ते प्रोग्रामच्या कितीतरी अलीकडे. तिचे वडील उंब्रजच्या स्टँडसमोर टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आणि यंत्र उघडायच्या आधी वायर हाताने चाचपायचे. तिने तेच केलं. एकाच काळ्या वायरवर सगळी मशीनं ओळीने जोडलेली होती. ती वायर बोटांत धरून एकेक सांधा हलवून बघत, जिना उतरून, गुडघ्यांवर रांगत ती हॉलमधल्या शेवटच्या टेबलाखाली पोचली. वायरच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी चकचकीत टोपी हवी होती. ती नसली की पूर्ण वायर बिनकामाची होते. आणि ती नव्हती.

“हिंदुरावमामा!” तिने हाक मारली. लॅबची झाडलोट, कुलूपकिल्ली, सगळं बघणारे हिंदुराव धावत आले. “इथली टोपी बघितली का?”

हिंदुरावांचा चेहरा खर्रकन उतरला. “ती व्हय? आवं ताई, खंडेनवमीला पक्कड, पेचकस, सगळी हत्यारं पाटावर मांडली. ती बारकी टोपी लय चकाकत हुती. म्हटलं, हिलाबी मान देऊ. आन पूजेतलं हत्यार दसरा झाल्याबिगर हलवायचं न्हाई, म्हणून तिथंच ऱ्हायली, आन मागनं मी इसारलो.”

कपाटातल्या पाटावर, वाळलेल्या झेंडूखाली, टोपी कुंकू लावून बसली होती. प्रियंकाला हसावं की रडावं कळेना. तिने ती ओढणीला पुसली, जागी बसवली, आणि हाक मारताच पहिल्या दमात उत्तर आलं.

“सरास्नी सांगू नगा,” हिंदुराव म्हणाले. “सहा म्हयन्याच्या ऑर्डरीवर हाय मी. म्होरची ऑर्डर त्यांच्याच सहीनं निघती.”

“नाही सांगत. पण वर माईकशी तुम्ही बसायचं. अकरा वाजून पाच मिनिटांनी एक ते दहा आकडे म्हणायचे, बस.”

साताऱ्याहून आलेल्या परीक्षक चारुशीला मॅडम अकराला हॉलमध्ये बसल्या. सरांनी आधीच हात झटकले. “मॅडम, हा फुकटचा प्रोग्राम आहे. सकाळपासून बंदच होता. मी सावध केलं होतं हिला.”

“बंद का होता?” मॅडमनी विचारलं.

“वायरमध्ये दोष होता,” प्रियंका म्हणाली. “प्रोग्राममध्ये नव्हता.”

“कसला दोष? कुणी केला?” सरांचा आवाज चढला. “उगाच दुसऱ्यावर ढकलू नकोस. नाव सांग नाहीतर स्वतःची चूक कबूल कर.”

संतापाने प्रियंकाचे कान तापले होते. नाव सांगितलं असतं तर ती सुटली असती, आणि तिला असं सुटायचं नव्हतं. तिने प्रोग्राम सुरू केला. तीन सेकंद काहीच नाही. मग स्पीकर खरखरला.

“एक. दोन. तीन.” आवाज स्वच्छ होता. “चार. पाच.” मग हिंदुराव थांबले. घसा खाकरल्याचंसुद्धा नीट ऐकू आलं. “आन सर, आयकत असाल तर आयका. पूजेला वायरीची टोपी म्या काढलीवती. पोरगी सकाळधरनं गुडघं फोडून घेतीया. तिची चूक न्हाई, त्या प्रोग्रामची बी न्हाई. माजी हाय. काय करायचं ते मला करा.”

सर ताडकन उठले आणि आवाज बंद करायला स्पीकरकडे धावले. त्यांच्या आधी प्रियंका पोचली. बटणावर हात ठेवून ती उभी राहिली.

“राहू द्या, सर,” ती म्हणाली. “दहापर्यंत म्हणायचं ठरलंय. अजून पाच आकडे बाकी आहेत.”