नोरीननं फूल मोडलं

टिंग. नोरीनची लेक शाळेत गेलेली, केटली गार झालेली, आयर्लंडमधल्या त्या छोट्या गावातलं स्वयंपाकघर चिडीचूप. आणि त्यात हा आवाज. मित्रांनो, तो माझा होता. मी एक जुना टॅब आहे, कोपऱ्याला तडा गेलेला.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. जाग आली ती नोरीनच्या ओट्यावर, पावाच्या डब्याला टेकून. तिनं माझ्यात बघून पाव भाजले, तिच्या लेकीनं, एटनानं, माझ्यावर जॅमची बोटं उठवली. "म्हातारा झाला, पण दगा देत नाही," असं नोरीन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते कौतुक मला आजही टोचतं. कारण 'फूल' त्या घरात आलं ते माझ्यातूनच, त्या टिंगबरोबर.

फूल म्हणजे बायकांचा गट. मध्ये एक, तिच्याभोवती दोन, मग चार, आणि बाहेर आठ पाकळ्या. प्रत्येक पाकळीनं मधलीला आठशे युरोंची 'भेट' द्यायची. मग फूल दुभंगतं, सगळ्या एकेक पाऊल आत सरकतात. नव्या पाकळ्या मात्र त्यांनीच शोधायच्या. गटात 'पैसे' लिहायचं नाही, 'बी' म्हणायचं. नवऱ्याला सांगायचं नाही. मध्ये बसली होती नोरीनची नणंद, ब्रीडा.

एटनानं तेव्हा नुकताच चर्चमधला पहिला प्रसाद घेतला होता. पांढऱ्या झग्यात ती घरोघरी फिरली आणि नातलगांनी, शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पिशवीत नोटा कोंबल्या. पोरीचे आठपट होतील म्हणून नोरीननं तेच पैसे फुलात घातले.

पुढे पाकळ्या मिळेनात. मिळतील कुठून? आठजणी मध्ये बसायच्या तर चौसष्ट हव्यात, त्या चौसष्टांना पाचशे बारा. आमच्या गावात मेंढ्या धरल्या तरच तेवढ्या भरतील.

एके सकाळी ब्रीडाचा चेहरा माझ्या काचेवर आला.

"शेजारची फिलोमिना आहे की. वारलेल्या नवऱ्याच्या विम्याचे पैसे आलेत तिच्याकडे. तिला आण, म्हणजे तू आत सरकशील."

नोरीन पीठ मळत होती. "ब्रीडाताई, आपण तिचे घ्यायचे, मग तिनं कुणाचे घ्यायचे?"

"अशी भित्री आहेस म्हणून कायम मागे राहिलीस बघ."

"राहू दे. मागे आहे, पण कुणाच्या पाठीवर उभी नाहीये."

मग पिठाच्या बोटांनीच तिनं गटात लिहिलं: ही भेट नाही. भेट देणारी परतफेडीची वाट बघत नसते. फिलोमिनाला मी सगळं सांगणार आहे, आणि पोलिसांनाही.

दोन मिनिटांत तिला गटातून काढलं. शाळेच्या फाटकाशी गटातल्या बायकांनी पाठ फिरवली. नोरीन त्यांच्या मधूनच ताठ मानेनं गेली.

मित्रांनो, आम्हांला पाण्यापासून, धुळीपासून जपा, ते आहेच. पण आमच्यातून कुणी गोड बोलून "हे कुणाला सांगू नकोस" म्हणालं, तर तेच आधी चारचौघांत मोठ्यानं सांगा. मला तोंड असतं तर मी पहिल्याच दिवशी ओरडलो असतो.

त्या शनिवारी नोरीननं लेकीला मांडीवर घेतलं आणि काही न लपवता सांगितलं, की तुझे पैसे आत्याकडे गेले, ते परत येणार नाहीत, आणि चूक माझी आहे.

एटना कितीतरी वेळ आईच्या स्वेटरचं बटण फिरवत राहिली. मग म्हणाली, "उद्या रविवारची आत्या जेवायला येईल ना, आई. मी तिला नेहमीसारखा पापा द्यायचा का?"