वर आवाज जायला नको

नंदिनीनं पडद्यावरचा आठ पुसला आणि तिथं चार लिहिला.

अभिजीतनं टेबलापलीकडून हात लांब करून लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि चाराचा पुन्हा आठ केला.

“एका ताईमागे चार मुलं,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी ठरवलंय आपण. भिंतीवर रंगवून घेतलंय, अभिजीत.”

“तर भिंतीवर राहू दे ना, यार. चारच्या हिशोबात वाडीची शाखा निघतच नाही. अर्ध्या तासात चांडकसाहेब येतील. त्यांना पाच शाखा दिसल्या पाहिजेत, तुझा राग नाही.”

शहरातल्या नंदनवन भागातलं हे पाळणाघर दोघांनी भागीदारीत काढलं होतं. ताया, पगार, रोजची व्यवस्था अभिजीतकडे. पुढची आखणी नंदिनीकडे. दिवाळीपासून ती वरच्या या खोलीत बसून तीन वर्षांचा आराखडा करत होती. शहराबाहेरच्या वाडीच्या गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या बायका पोरं कुठं ठेवतात, हे तिनं दारोदार फिरून विचारलं होतं. आराखड्याच्या पहिल्या पानावर मात्र आकडा नव्हता, एक वाक्य होतं: ‘आमच्या संचालिकेची स्वतःची मुलगी इथंच असते.’ ते तिला बाकी सगळ्यापेक्षा वजनदार वाटायचं. दीड वर्षाची मितू खाली होती. पैसे लावायला येणाऱ्या माणसाला याहून मोठी हमी कोणती द्यायची?

“गोदामातल्या बाया तक्रार करणार नाहीत, म्हणून त्यांची पोरं आठात कोंबायची?” ती म्हणाली. “तुझा पोरगा ठेवशील?”

“माझा पोरगा आजीजवळ राहतो. प्रश्नच मिटला.” तो हसला.

नंदिनीनं पेनाचं टोपण इतकं दाबलं की ते तडकलं.

“आणि हे काही नवीन नाहीये,” तो म्हणाला. “दिवाळीत दोन ताया सोडून गेल्या, मी त्यांच्या जागी कुणी घेतलंच नाही. तेव्हापासून इथं आठच चालू आहे. आली एक तरी तक्रार? तू तर रोज खाली जातेस. तुला दिसलं का काही?”

“खोटं बोलतोस. सिंधूताईंकडे चारच मुलं असतात. मी डोळ्यांनी बघते रोज. मितूचा फ्रॉक कोरडा, नाक पुसलेलं, केस विंचरलेले.”

अभिजीत पडद्याकडेच बघत राहिला.

“सरासरी आठ म्हणतोय मी,” तो हळूच म्हणाला.

ती उठली. खाली जाण्याआधी ती नेहमी फोन करायची. मितूचा डोळा लागला असेल तर ती दचकायला नको, म्हणून. आज तिनं फोन टेबलावरच टाकला.

खाली पुढच्या खोलीत सगळं रोजच्यासारखंच होतं. सिंधूताई मितूला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होत्या. तीन मुलं चटईवर ठोकळे रचत होती. तिला बघून सिंधूताई दचकल्या, आणि त्यांची नजर मागच्या खोलीच्या बंद दाराकडे गेली. नंदिनीनं ती नजर पकडली.

दार ढकललं तर ते अडलं. खालच्या फटीत आतून गोधडी गुंडाळून लावली होती. तिनं खांद्यानं जोर दिला. दार उघडलं तसा आतला आवाज एकदम अंगावर आला.

दुसरी ताई, अंजू, भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही मांड्यांवर एकेक आणि खांद्याला एक. बाकीची नऊ जिथं जागा मिळेल तिथं. काही रडत होती, काही रडून थकलेली. खिडकीजवळ एक मुलगा ओल्या चड्डीत उभा होता. तो सरळ चालत आला आणि त्यानं नंदिनीच्या कुर्त्याचं टोक धरलं. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं.

“अंजू, बाकीच्या ताया कुठं आहेत?”

“कोनत्या बाकीच्या, मॅडम?”

नंदिनी वळली. हापिसात ठेवणीतली भाषा वापरायची तिची सवय त्या घटकेला कुठल्या कुठं गेली.

“हे दार काहून लावलं? गोधडी काहून लावली?”

“सरनं सांगतलं होतं ना,” सिंधूताई म्हणाल्या. “वर मोठं काम चालू राह्यते, वर आवाज जायले नको. मॅडमची पोरगी सांभाळा, म्हणे, बाकी अंजू पाहीन.” मग जरा मान ताठ करून, “पन मितूले मी एकबी दिवस रडू देल्लं नाही. विचारा अंजूले.”

“मले काय विचारता?” अंजू आतून म्हणाली. “मितूले बसाले राजावानी मांडी हाय. मले तर सकाळपासून मुतालेबी जाता नाही आलं, मॅडम.”

“चूप बस वं!” सिंधूताई खेकसल्या.

“आन् ह्यायले?” नंदिनीचा आवाज चिरकला. तिनं त्या ओल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला होता. “ह्यायले रडू देल्लं चालते?”

सिंधूताई गोंधळल्या. घास बोटांतच राहिला.

“ह्यायच्या आया वर नाही बसत ना, मॅडम.”

दिवाळी होऊन चार महिने झाले होते. एवढ्या दिवसांत या दाराला नंदिनीचा हात आज पहिल्यांदा लागला होता.

तिनं मितूला सिंधूताईंच्या मांडीवरून उचललं, मागच्या खोलीत नेलं आणि सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर ठेवलं.

“तुम्ही आत बसा, सिंधूताई. सगळ्यांपाशी. आधी याची चड्डी बदला.”

मितूला काही क्षण कळलंच नाही. मग तिनं दोन्ही हात वर केले, आणि ते कुणी धरले नाहीत म्हणून भोकाड पसरलं. नंदिनीचे हात पुढे आले. तिनं ओढणीचं टोक मुठीला करकचून गुंडाळलं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. तिनं पायानं गोधडी बाजूला लोटली, मागच्या खोलीचं आणि जिन्याकडचं अशी दोन्ही दारं सताड उघडी टाकली आणि जिना चढली.

चांडकसाहेब चहा घेऊन स्थिरावले तेव्हाही खालचा आवाज थांबला नव्हता. अभिजीत दार लावायला उठला.

“राहू दे,” नंदिनी म्हणाली.

तिच्याकडे बघून तो बसला.

तिनं पहिलं पान उघडलं. चांडकसाहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, “‘आमच्या संचालिकेची स्वतःची मुलगी इथंच असते.’ वा! हे आवडलं आपल्याला.” मग कप बशीत ठेवून त्यांनी जिन्याकडे कान दिला. “पण एवढं कोण रडतंय हो खाली?”

अभिजीतचा हात लॅपटॉपवर थांबला.

“तीच,” नंदिनी म्हणाली.