तीन दलांच्या टेबलावरचा फोन

मी लष्कराचा टेलिफोन बोलतोय. हिरव्या खोक्यातला, तारेचा. मोबाइलच्या जमान्यात मला कोण विचारतंय, असं तुम्हाला वाटेल. पण सरावाच्या माळावर अजून माझ्यावर भरवसा ठेवतात.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरजवळ तिन्ही दलांचा एकत्र सराव होता. बॉम्ब खरे. एका तंबूत, एकाच टेबलाभोवती भूदलाचे मेजर अमरसिंह, हवाई दलाचा धवल आणि ड्रोनची चित्रं बघणारी नौदलाची अवंतिका बसायची. कुठलं लक्ष्य कोणी, केव्हा उडवायचं, हे जुळवून शेवटचा होकार द्यायचा तो कर्नल संयोगिता मॅडमनी. त्या कोल्हापुरातल्याच, शिवाजी पेठेतल्या. मला उचलायच्या ते एकदम घट्ट धरून.

एका सकाळी जोतिबाच्या डोंगराकडं धुकं उतरलं होतं. डोंगरावर टेहळणीला बसलेल्या भूदलाच्या हवालदार पिराजींचा फोन आला; अमरसिंहांनी मला उचललं. "साहेब, वरनं काय दिसंना. आमी समदी खालच्या झाडीत आलोय."

अमरसिंहांनी ते लगेच आपल्या तोफांना कळवलं. हवाई दलाला कळलंच असेल असं धरलं आणि मला खाली ठेवलं. धवल हातभर अंतरावर बसला होता. त्याच्या विमानाचं लक्ष्य होतं तीच झाडी.

अवंतिकाच्या पडद्यावर नुसती पानं दिसत होती. मॅडमनी होकार दिला. विमान वळलं. मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड उघडता येत नव्हतं; घंटा आपली आपण वाजवता आली असती तर फुटेस्तोवर वाजवली असती.

तेवढ्यात मॅडमना काय वाटलं कोण जाणे. आपापली माणसं आत्ता कुठं आहेत, ते मोठ्यानं सांगा, म्हणाल्या. अमरसिंहांनी झाडी सांगितली आणि धवल ओरडला, विमान तिथंच वळलंय.

"थांबवा," मॅडम म्हणाल्या.

धवल रेडिओवर तेच तेच सांगत राहिला. पलीकडून नुसती खरखर. विमान घोंगावत गेलं. स्फोट झाला नाही; धवलचं सांगणं वैमानिकापर्यंत पोचलं होतं. मॅडमनी मला उचललं.

"पिराजी, हायसा न्हवं समदी?"

"व्हय मॅडम. इमान लई खालनं गेलं. आपलंच की?"

"व्हय. आपलंच."

बराच वेळ त्यांनी मला जागेवर ठेवलं नाही.

आता होकाराआधी प्रत्येक ठिकाण मोठ्यानं बोललं जातं. अमरसिंह तर शेजारच्यालाही, कळलं का, असं दोनदा विचारतात. तरी एवढंच मागतो, कळलं असेल असं धरून मला खाली ठेवू नका. कुठल्यातरी झाडीत कोणीतरी, आपलंच विमान आहे म्हणून, निर्धास्त वर बघत असतं.