तुमचीच कॉन्फरन्स भारी

हॉयट टिडवेल यांनी चमचा राजमा-खिम्याच्या चिलीच्या वाडग्यात तसाच सोडला आणि जावयाकडे बघितलं.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, तुमचीच कॉन्फरन्स भारी," वेन म्हणाला. "आमच्या बिग टेनमध्ये वरच्या दोन-तीन फुटबॉल टीम बऱ्या आहेत. पण एकूण बघितलं तर तुमच्या एसईसीपुढे आम्ही कुठेच नाही. खरं ते खरं."

एवढं बोलून तो बिस्किटं चुरून वाडग्यात टाकत बसला. वर बघायची काही त्याची छाती झाली नाही. ओट्याशी मक्याचा कॉर्नब्रेड कापत असलेल्या लिनेटची सुरी थांबली. नवऱ्याला हे तिनंच शिकवलं होतं, पण त्यानं जरा जास्तच साखर घातली होती.

हॉयट अजून बघतच होते. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, चिली चांगली झाली असं लेकीला सांगितलं आणि अर्धं वाडगं टाकून खोलीत निघून गेले.

या घरात असं कधी होत नसे. बावीस वर्षांपूर्वी लिनेटनं ओहायोतल्या या वेन श्राइबरला पहिल्यांदा अलाबामाला नेलं, तेव्हा तिच्या वडिलांनी त्याचा हात हातात घेतला आणि नाव विचारायच्या आधी विचारलं, की तुमच्याकडे कॉलेजची पोरं फुटबॉल खेळतात की नुसती बर्फावर घसरतात. वेन तेव्हा तिशीतला, होऊ घातलेला जावई. दुसरा कोणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. वेन म्हणाला, आम्ही नोव्हेंबरात खरी मॅच खेळतो, तुमच्यासारखं किरकोळ कॉलेजांना पैसे देऊन मार खायला बोलावत नाही. लिनेटच्या आईनं, फेयनं, कपाळाला हात लावला. हॉयट मात्र खूश. जेवायला बसताना त्यांनी वेनला शेजारची खुर्ची दिली, आणि ती खुर्ची पुढे कायम त्याचीच राहिली.

तेव्हापासून हा वाद कधी मिटला नाही. दक्षिणेतल्या कॉलेजांचा गट, म्हणजे हॉयटची एसईसी भारी, की उत्तरेतल्यांचा, म्हणजे वेनची बिग टेन, एवढाच काय तो प्रश्न. पण त्यासाठी फोन व्हायचे, वाढदिवसाच्या शुभेच्छा मध्येच तोडल्या जायच्या, कुणाच्या लग्नातही दोघं कोपरा गाठायचे. कॉन्फरन्सची ताकद तळातून मोजावी, असं हॉयटचं मत. वरची टीम कुणाचीही चांगली असते, दहाव्या नंबरची दाखव, तिच्याशी खेळून कुणाची हाडं मोडतात ते बघू. वेन म्हणायचा, दहाव्या नंबरला कप देतात होय, सासरेबुवा? मग हॉयट म्हणायचे, ज्यांच्या बिग टेनमध्ये अठरा कॉलेजं आहेत त्यांनी आम्हाला आकडे शिकवू नयेत. असं ते चालायचं, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्याची मंडई व्हायची.

तीन वर्षांपूर्वी फेय गेली. हॉयटनी टायरचं दुकान विकलं आणि अलाबामातल्या घरात एकटेच राहिले. सप्टेंबरात एक दिवस अंगणात कोसळले. लिनेट जाऊन त्यांना ओहायोला घेऊन आली. इथल्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि बोलायला तोंड उघडलं, तोच हॉयटनी हात वर केला. मला नको, म्हणाले, माझ्या पोरीला सांगा, पुढचं तिलाच आवरायचंय. आणि टोपी घेऊन बाहेर जाऊन बसले. डॉक्टरनं लिनेटला सांगितलं की हृदय थकलंय, आता दुरुस्त होण्यातलं नाही. काही महिने धरून चाला. त्यांना शांत ठेवा, चिडू देऊ नका.

परतताना गाडीत ती रडली नाही. घरी आल्यावर गॅरेजमध्ये वेनला गाठून म्हणाली, "यापुढे त्यांच्याशी वाद घालायचा नाही. ते काय म्हणतील त्याला हो म्हणायचं."

"फुटबॉलमध्येसुद्धा?"

"फुटबॉलमध्येच."

वेननं शब्द पाळला. पहिल्या शनिवारी, मॅचच्या दिवशी, हॉयटना मजा आली. जावई हरला म्हणून त्यांनी आइस्क्रीम मागून घेतलं. पुढच्या शनिवारी त्यांनी मुद्दाम खडा टाकला, की आमची सगळ्यात शेवटची टीम तुमच्या पहिल्या टीमला झोपवेल. असेलही, वेन म्हणाला. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांनी बिग टेनला म्हाताऱ्यांची भजनी मंडळी म्हणून बघितलं. वेननं मान डोलावली. त्यानंतर हॉयटनी खडे टाकायचे सोडले. वजन उतरलं, झोप वाढली. औषधामुळे असेल, असं लिनेटनं मनाला समजावलं. नाताळ झाला, वर्षअखेरीच्या मॅच सुरू झाल्या. या दिवसांत एका गटातली कॉलेजं दुसऱ्या गटावर चालून जातात आणि वर्षभराच्या बढायांचा हिशोब मैदानावर होतो. एरवी हॉयट या दिवसांत जेवायलाही टीव्हीसमोरून उठत नसत. आज ते कॉर्नब्रेडही न खाता उठले होते.

लिनेट त्यांच्या मागोमाग गेली, तर पलंगावर बॅग उघडी आणि हॉयट शर्टांच्या घड्या घालत होते.

"हे काय, डॅडी?"

सोमवारच्या बसचं तिकीट काढलंय, त्यांनी सांगितलं. पुतण्या स्टँडवर घ्यायला येईल. घर झाडून ठेवायला त्याला सांगितलंय.

"जानेवारीत? तिथे एकटे?"

"मला सगळं कळलंय, लिनेट. तू लपवायची मेहनत घेऊ नकोस."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वेननं."

क्षणभर तिला नवऱ्याचा इतका राग आला, की तो समोर असता तर काय केलं असतं कुणास ठाऊक. हॉयटनी घडी घातलेला शर्ट मांडीवर घेतला.

"तोंडानं नाही सांगितलं," ते म्हणाले. "बावीस वर्षांत या माणसानं मला एक मुद्दा सोडला नाही. फेयला पुरून आलो त्या दिवशी, चर्चच्या मागे सगळे जेवत होते. जो येईल तो हात दाबून देवाची इच्छा म्हणत होता. हा पठ्ठ्या ताट घेऊन शेजारी बसला आणि म्हणाला, तुमच्या टीमच्या यंदाच्या वेळापत्रकात काही दम नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की उद्या सकाळी उठता येईल. आणि तोच आता म्हणतो, तुमचीच भारी." त्यांनी शर्ट बॅगेत ठेवला. "बिग टेनवाला असं कुणाशी बोलतो ते मला कळतं, पोरी."

लिनेटला हसूही आलं आणि रडूही. असं काही नाही, म्हणायला ती गेली, पण वडिलांच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलणं तिला लहानपणीही जमलं नव्हतं. तिनं एवढंच म्हटलं, की इथे राहा. तिला भीती कशाची होती, तर त्या फोनची. शेजारचं कुणीतरी फोन करणार, की सकाळपासून दार उघडलं नाही म्हणून आम्ही आत गेलो. हे तिनं त्यांना तसंच्या तसं सांगितलं.

हॉयटनी ऐकून घेतलं. "इथे सगळे माझ्याशी हळू बोलतात," ते म्हणाले. "ज्या घरात माझ्याशी कुणी भांडत नाही, तसलं एक घर माझं आहेच की. तिथे निदान ऊन असतं. आणि फेय जवळ आहे."

लिनेट उठली ती थेट गॅरेजमध्ये. वेन बर्फ उडवायच्या यंत्राचं झाकण काढून बसला होता.

"आत ये आणि भांड त्यांच्याशी," ती म्हणाली.

वेननं पाना खाली ठेवला. डॉक्टरनं काय सांगितलंय याची त्यानं आठवण करून दिली. डॉक्टरला फुटबॉलमधलं काय कळतंय, असं म्हणून तिनं त्याला सोमवारच्या बसचं सांगितलं. वेन उठला आणि हात धुवायला गेला.

दुपारच्या मॅचला अलाबामातलंच एक कॉलेज बिग टेनच्या एका कॉलेजाशी भिडणार होतं. हे हॉयटचं कॉलेज नव्हे, त्याचा हाडवैरी. वर्षभर त्याचं नाव निघालं की हॉयट तोंड वाकडं करत. पण डिसेंबरात गटाची अब्रू आधी, तेव्हा दक्षिणेतला माणूस नाक मुठीत धरून वैऱ्याच्या बाजूनं बसतो. लिनेटनं आग्रह केला म्हणून हॉयट येऊन बसले. पायात बूट होते, जणू बस दारातच उभी आहे.

वेननं घसा साफ केला. "वर्षभर ज्यांना शिव्या घालता, आज त्यांनाच ओवाळायला बसलात. लाज नाही वाटत?"

शाळेच्या स्नेहसंमेलनात पाठ केलेलं बोलावं तसं तो बोलला. हॉयटनी त्याच्याकडे बघितलं, मग लिनेटकडे, मग टीव्हीकडे. वेननं किरकोळ कॉलेजांचा मुद्दा काढला. थंडीत खेळायला का येत नाही, ते विचारलं. "हं," हॉयट म्हणाले. मध्यंतरात ते डोळे मिटून बसले. लिनेटनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिली. तिला वाटलं, संपलं.

तिसऱ्या क्वार्टरात बिग टेनच्या पोरानं कोपऱ्यात उडी मारून चेंडू झेलला. टचडाउन, सहा गुण. मग पंचांनी पुन्हा बघितलं आणि रद्द केलं.

"बरोबर आहे," हॉयट पुटपुटले. "पाय बाहेर होता."

"कुठे बाहेर?" वेन ताडकन उठला. "कुठे बाहेर होता? ती रेघ दिसते का तुम्हाला? फेय गेल्यापासून चष्मा बदललेला नाही, आणि पाय बघताय."

"मला दिसतं तेवढं पुरे आहे."

"पुरेच असणार. पंच तुमचे, टीव्हीवाले तुमचे, क्रमवारी लावणारे तुमचे. हरलात की पोरांना रस नव्हता, जिंकलात की सगळी कॉन्फरन्स जिंकली. दुसऱ्याच्या कपावर नाचणारे लोक तुम्ही. आणि मी तीन महिने गप्प बसलो तर तुम्हाला वाटलं जिंकलात?"

वेनचे कान लालबुंद झाले होते. आपण काय बोलून बसलो, ते त्याच्या हळूहळू लक्षात येत होतं.

"मग बसलास कशाला गप्प?" हॉयट म्हणाले. "तोंड शिवलं होतं का कुणी?"

वेननं एकदा बायकोकडे बघितलं. "तुमच्या पोरीनं."

"बायकोनं सांगितलं आणि ऐकलंस. हे तुमचं बिग टेन, जावईबापू." हॉयट खुर्चीत पुढे सरकले. "बस. तुझी दहाव्या नंबरची टीम सांग. यंदाची. आपण तिथून सुरू करू."

मग जे सुरू झालं ते मॅच संपेपर्यंत थांबलं नाही. हॉयटचा चेहरा लाल झाला, श्वास लागला. लिनेट गोळी घेऊन आली, तर त्यांनी ती तोंडात टाकली, वर गोड चहाचा घोट घेतला आणि मध्ये वाक्य न तोडता वेनला सांगितलं की तुझ्या कॉलेजातल्या पोरांना पळताना बघून गोगलगाय लाजेल. मध्येच कधीतरी त्यांनी पायानं पाय रेटून बूट काढले. शेवटी बिग टेनवाले तीन गुणांनी जिंकले. आमच्या पोरांना या मॅचमध्ये रसच नव्हता, असं हॉयटनी जाहीर केलं. वेन हात जोडून जमिनीवर बसला आणि हसत सुटला, आणि हसता हसता उठून बाहेर गेला. साफ केलेल्याच वाटेवरचं बर्फ तो खरवडत असल्याचा आवाज लिनेटला खिडकीतून बराच वेळ येत होता.

संध्याकाळी ती वडिलांच्या खोलीत गेली. बॅग भरलेलीच होती. हॉयट बॅगेशेजारी बसले होते, दमलेले, पण डोळ्यांत चमक होती.

"मध्यंतरापर्यंत तो तुझं बोलत होता," ते म्हणाले.

"हो."

"त्यानंतरचं?"

"त्यानंतरचं त्याचं स्वतःचं होतं, डॅडी."

त्यांनी मान हलवली. "पुढचा सीझन मी बघणार नाही, लिनेट. तू सांगू नकोस मला, मीच तुला सांगतोय."

ती त्यांच्याशेजारी बसली. त्यांनी तिचा हात धरला, आणि ती रडली तेव्हा तिला रडू दिलं. बाहेरचा फावड्याचा आवाज अजून चालूच होता.

"जानेवारीनंतर मॅच नसतात," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मग तो भांडणार कशावर?"

लिनेटनं नाक पुसलं. "नवीन खेळाडू पोरं कुठल्या कॉलेजात जातात, त्यावर. त्यावर तर तो तासन् तास बोलतो."

हॉयटनी विचार केला.

"त्यातही बिग टेनचं काही खरं नाही," ते म्हणाले, आणि बॅगेतला पहिला शर्ट काढून तिच्या हातात दिला.