मीटरचा उपास

शिरगावच्या किल्ल्याच्या तटाखाली त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. जत्रा कोणाची म्हणाल, तर विजेच्या मीटरची! मासेमारी बंदीचे दिवस होते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आणि पुरुषमाणसं घरात रिकामी. रिकाम्या माणसाला बाबा लवकर सापडतो म्हणतात, ते काही खोटं नाही. निळ्या ताडपत्रीखाली पाटावर बसले होते श्री श्री तेजोनाथ महाराज, ऊर्फ मीटरबाबा. गळ्यात रुद्राक्ष आणि मनगटात तांब्याच्या तारेचं कडं!

"बाळांनो, फेज म्हणजे पुरुष, न्यूट्रल म्हणजे प्रकृती आणि अर्थिंग म्हणजे धरणीमाता! हे तिघं ज्याच्या घरी सुखाने नांदतात, त्याच्या घरी बिल येत नाही. बिल वजा येतं!"

"वजा म्हंजे, म्हाराज?" सुजीतने विचारलं.

"म्हणजे वीज कंपनीचं देणं तुझ्याकडे नाही, तुझं येणं तिच्याकडे!"

गर्दीतून "जय मीटरमाता!" अशी आरोळी उठली. मीटरला माता करायला एवढाच वेळ लागतो.

महाराजांचा विधी सोपा होता. समुद्राला नारळ देता ना, तसा मीटरलाही लाल फडक्यात नारळ बांधायचा. बिलावरचा ग्राहक क्रमांक महाराजांना सांगायचा, कारण ती मीटरची जन्मपत्रिका. दर सोमवारी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मेन स्विच खाली, हा मीटरचा उपास. बिल वजा आलं की वजा रकमेचा अर्धा वाटा महाराजांच्या पायाशी, आणि तो मात्र रोख. शेवटची अट, बिल कोणाला दाखवायचं नाही, नाहीतर नजर लागते.

ही शेवटची अट शिरगावला शिकवावी लागलीच नाही. जाळ्यात काय गावलं ते इथे कोणी कोणाला सांगत नाही. होडी काठोकाठ भरून आली तरी विचारणाऱ्याला "काय नाय रे, पोटापुरतं" एवढंच उत्तर. सांगितलं की दर्या रुसतो, ही वाडवडिलांची समजूत. महाराजांनी गावाची ही खोड बरोबर हेरली होती.

मग चमत्कार व्हायचा. महाराज भगवी शाल डोक्यावरून ओढून ध्यानाला बसत. आत काही पुटपुटल्याचा आवाज येई. शाल बाजूला होई आणि महाराज सांगत, "सुजीत, तुझं बिल वजा पाचशे चाळीस येणार." दोनचार दिवसांनी कागद हातात पडे आणि त्यावर बरोबर तेवढाच आकडा! सुजीत तर रडलाच. एकच होतं, महाराज कोणाच्या घरात ध्यान लावत नसत. तटाजवळचा तो पाटच लागायचा. "इथे लहरी पोचतात," असं म्हणत. लहरी पोचायच्या, हे मात्र खरं.

गर्दीच्या मागे टोपली घेऊन उभी असलेली हिरा हे सगळं बघत होती. हिरा कोळीण म्हणजे तोंडाने फटकळ आणि हिशेबाला पक्की. तिला हा सगळा भंपकपणा वाटत होता. पण घरी नवऱ्यापुढे कोण बोलणार? कमलाकांतने आधीच नारळ बांधून टाकला होता.

"अवो, दादांची मशीन हाय ना," ती त्याला म्हणाली. "सोमवारी लाईट बंद केली तर त्यांनी करायचा काय?"

"एका दिसाने काय होतं? म्हाराज सांगतात, मातेवर भार टाक."

दादा म्हणजे हिराचे सासरे पुंडलिक तांडेल. एके काळी या किनाऱ्यावर त्यांच्या हुकमाशिवाय होडी लोटली जात नसे. आता छाती गेलेली. दम लागला की वाफेचं मशीन तोंडाला लावायचं, औषध ओढायचं, की माणूस पुन्हा बसता होई. हिराची पोर सलोनी शाळेतून आली की आजोबांच्या तोंडाला मशीन धरून पाढे म्हणायची.

त्या सोमवारी हिरा सुकट विकायला बाहेर होती आणि सलोनी शाळेत. दुपारी पुंडलिकना दम लागला. त्यांनी मशीनकडे हात केला, मग स्विचकडे. कमलाकांत म्हणाला, "दादा, सूर्य मावळेपर्यंत कळ काढा." म्हातारा कळ काढत राहिला. शेवटी गाडी केली, पालघरच्या वाटेवर लागली, आणि दवाखाना गाठायच्या आधीच पुंडलिक तांडेल गेले.

पुढे बिल आलं, आणि गावात सगळ्यांत मोठं वजा होतं ते हिराचं. महाराजांनी तिला बोलावून घेतलं आणि चारचौघांत डोळे मिटून सांगितलं, "बाई, रडू नकोस. मातेने तुझ्या घरचा मोठा भोग घेतला, म्हणून दानही मोठं दिलं, गावात सगळ्यांत मोठं."

हिरा रडली नाही. तिने त्या माणसाकडे नीट बघून घेतलं. घरी येताना ती स्वतःशीच म्हणाली, "भोग काय रे? थांब. तुला पोट फाडून, मीठ लावून, उन्हात वाळत घालीन." आणि हिराने मीठ लावायचं म्हटलं की ती लावते, हे सगळ्या शिरगावला ठाऊक होतं.

आता पुढचं ऐका. हिराची सुक्या मासळीची गिऱ्हाइकं कुंभवलीला, कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्यांमध्ये. तिथे रत्नाबाई राहते. मूळची लातूरकडची, नवरा रामकिसन कारखान्यात. बोंबील निवडता निवडता रत्नाबाई म्हणाली, "अवं हिराबाई, औंदा नवलच झालंय बगा. आमचं लाइटबिल उलटं आलंय, वजा!"

हिराच्या हातातला तराजू तसाच राहिला. "तुमी नारळ कधी बांधला?"

"कसला नारळ?"

"मीटरला. आणि सोमवारचा उपास?"

"मीटरला कशाला उपास घालू बाई? सरकारनं पैसं टाकलंत म्हनं खात्यावर. आमची उत्कर्षा सांगत हुती."

शिरगावात हे वाक्य कोणी उघड बोललंच नसतं. लातूरच्या रत्नाबाईला दर्या रुसायचं भय नव्हतं, म्हणून ते सहज बोललं गेलं. उत्कर्षा ही तिची मुलगी, बोईसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ती घरीच होती; हिराच्या बटव्यातलं बिल घेऊन तिने ते जमिनीवर पसरलं.

"मावशी, ही ओळ वाचा. 'शासकीय सहाय्य'. सरकारने कमी वीज वापरणाऱ्या घरांना मदत जाहीर केली आहे. ती कोणाच्या हातात देत नाहीत, विजेच्या खात्यावर जमा करतात. मदत बिलापेक्षा मोठी झाली की उरलेली रक्कम वजा दिसते. पुढची बिलं त्यातून वळती होतात. ती संपली की पुन्हा नेहमीसारखं बिल भरायचं. बस्स."

"मग कोणी रोकड देणार नाय?"

"नाही. खात्यावरचे पैसे खात्यातच राहतात."

"आणि आमचे लोक अर्धा वाटा रोख देतात त्या मुडद्याला!" हिराने कपाळावर हात मारला. "बरं, मदत सगळ्यांना सारखी, तर माझं वजा सगळ्यांत मोठं कसं?"

उत्कर्षा हलक्या आवाजात म्हणाली, "तुमचा वापर कमी झालाय, मावशी. आजोबांचा पंखा, आजोबांचं मशीन... आता चालत नाही ना."

म्हातारा गेला म्हणून वाचलेली वीज त्या माणसाने हिराला प्रसाद म्हणून दाखवली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि तो आकडा आधी कसा सांगतो?"

"नंबर कोण देतं त्याला?" उत्कर्षाने आपला फोन काढला. "कागद तुमच्या दारात यायच्या आधी बिल कंपनीच्या कॉम्प्युटरवर तयार असतं. नंबर टाकला की कोणालाही दिसतं. आता मला सांगा, तुमच्याकडे रेंज कुठे येते?"

"घरात नाय येत. किल्ल्याच्या तटाजवळ..." हिरा थांबली, आणि सासरा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. ते हसू महाराजांनी पाहिलं असतं, तर ते त्याच दिवशी पळाले असते.

पण ते पळाले नाहीत. उलट त्यांनी महाउपास जाहीर केला. आता सोमवारच नव्हे, सलग तीन दिवस मेन स्विच खाली! शेजारी निमेशच्या आईचंही तसंच वाफेचं मशीन होतं. हिराने मनाशी ठरवलं, या गावात दुसरा पुंडलिक होणार नाही.

महाउपासाच्या आदल्या सकाळी ताडपत्रीखाली सगळं गाव जमलं. हिरा पदर सावरून, मान खाली घालून महाराजांपुढे बसली.

"म्हाराज, माझी बहीण हाय कुंभवलीला. तिनं नारळ बांधलाय, उपास पण धरलाय. तिचं बिल काय येल, सांगता?" आणि तिने नंबर सांगितला.

शाल डोक्यावर गेली. पुटपुट सुरू झाली. त्या दिवशी लहरी जरा उशिराने पोचल्या असाव्यात, कारण पुटपुट बरीच लांबली.

"वजा आठशे दहा!" महाराज गरजले. "आणि बाई, बहिणीच्या नवऱ्याचं नाव रामकिसन ना? उपास कडक पाळलाय तिने. नारळातून तेज वाहतंय, मला दिसतंय!"

लोकांनी हात जोडले. मागून एक बाई उठली.

"मीच ती," रत्नाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "नंबर माझा, रामकिसन माझा नवरा. नारळ मी बांधला न्हाई, त्याची चटणी केली. आन् उपास? म्या एकादशीला सुदिक जेवते!"

गर्दीत खसखस पिकली. महाराजांचा चेहरा मात्र पडला नाही, सराईत माणूस! "माते, मनातल्या मनात केलेला संकल्पही..."

"मनातला संकल्प मंग बघूया," हिरा म्हणाली, "आधी शालीतला बघू." आणि तिने शाल ओढली. मांडीवर फोन होता. पडद्यावर रामकिसनचं बिल उघडलेलं. खाली मोठ्या अक्षरात वजा आठशे दहा.

"सलोनी, इकडे ये गो," हिराने हाक मारली. रत्नाबाईबरोबर आलेल्या उत्कर्षाने आपला फोन मुलीच्या हातात दिला. "कोणाला आपलं बिल ऐकायचंय? नंबर सांगा."

निमेशने चाचरत नंबर सांगितला. सलोनीने टाकला. "निमेशदादा, वजा सहाशे वीस. शाल नाय घेतली, चालल?"

आता हिरा उभी राहिली आणि शिरगावात कोणी न केलेली गोष्ट तिने केली. आपल्या बिलाचा आकडा ती मोठ्याने ओरडून सांगत सुटली. "ऐका रे सगळे! लागू दे नजर! आता तुमी पण सांगा. लाजता कशाला?"

मग निमेशने मान खाली घातली. "मी नारळ बांधलाच नव्हता. आईच्या मशीनपायी भ्यालो होतो. बिल वजा आला, पण सांगायचा कसा म्हणून गप राहिलो." मग दुसरा बोलला, मग तिसरा. नारळवाले आणि बिननारळवाले, सगळे सारखेच वजा. वाडवडिलांच्या एका समजुतीपायी घरोघर तोंडं बंद होती, आणि त्या बंद तोंडांवर हा माणूस जेवत होता.

सुजीत चप्पल काढून धावला. चारपाच जण त्याच्या मागे. महाराज पाटावरून घसरून धरणीमातेवर आले.

"खबरदार, हात लावाल तर!" हिरा आडवी झाली. "मारलात तर हा दोन दिसात बरा होईल आणि दुसऱ्या गावात पाट मांडील. मला तो कोर्टात पाहिजे. तारखेला यायला पाहिजे, पुढची तारीख घ्यायला पाहिजे, परत यायला पाहिजे. केस पिकेपर्यंत!"

"बाई, मरण विधिलिखित असतं..." महाराज पुटपुटले. या वेळी शाल नव्हती.

"विधीनं नाय लिवला," हिरा म्हणाली. "तू सांगितला."

उत्कर्षाने जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती आधीच काढून ठेवली होती. पोलिसांना फोनही झाला होता. गाडीत चढताना महाराजांनी बिचाऱ्या मीटरमातेला एकदाही हाक मारली नाही.

ठाण्यात फौजदारांनी विचारलं, "म्हातारे गेले तेव्हा घरात कोण होतं?"

हिराने नवऱ्याकडे पाहिलं. "सांग."

"दादांनी मशीन मागितली," कमलाकांत म्हणाला. "स्विच माझ्या हाताशी होता. मी नाय दाबला."

"का नाही दाबला?"

"म्हाराजांनी सांगितला होता."

एवढंच उत्तर. आणि मंडळी, फसलेल्या प्रत्येक माणसाचं उत्तर एवढंच असतं. बाबा काय, एक पकडला तर दुसरा उगवतो. आपण मात्र विचारायचं सोडतो तेव्हा तो मोठा होतो. सरकारने खात्यावर काय टाकलं ते बिलावर छापलेलं असतं, ते वाचा. समजलं नाही तर विचारा. शेजाऱ्याचं बिल बघा, आपलं दाखवा. आणि घरात आजारी माणूस असेल, तर त्याचा श्वास कोणाच्याही व्रताला गहाण टाकू नका.

ठाण्यातून बाहेर आल्यावर कमलाकांत म्हणाला, "हिरा, मला माफ कर."

"नाय," हिरा म्हणाली. "त्याला सोडला नाय, तुला पण सोडायची नाय. दर बिलाला तू किनाऱ्यावर उभा राहायचा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायचा. सगळ्यांना समजवायचा. आणि मंग सांगायचा, बाप मशीन मागत होता आणि मी स्विच दाबला नाय."

पुढचं बिल आलं, तेव्हा कमलाकांत होड्यांपुढे उभा राहिला. गाव जमलं होतं. ग्राहक क्रमांक, वापर, शासकीय सहाय्य, सगळं त्याने नीट वाचलं, कोणी विचारलं ते समजावलं. मग कागद खाली केला. त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. हिरा समोरच उभी होती. ती हलली नाही आणि तिने त्याला मदतही केली नाही. शेवटी तो बोलला, आणि गावाने ते ऐकलं.