नंबराच्या मागची पट्टी

मावशी पंधरा दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आता आठ महिने होत आले होते. येताना तिनं एक बॅग आणि शिलाई मशीन आणलं होतं. पंधरा दिवसांसाठी येणारं माणूस शिलाई मशीन घेऊन येत नाही, हे भाचीच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण तेव्हा आईला जाऊन चारच दिवस झाले होते आणि तिच्या कशातच लक्ष नव्हतं. मशीन जेवणाच्या टेबलावर बसलं ते बसलंच. तेव्हापासून दोघी ताटं मांडीवर घेऊन जेवत होत्या.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतून, उसवून, आत-बाहेर करून मावशीची नजर अशी झाली होती, की जगातली कुठलीच वस्तू तिला मापात बसलेली दिसत नसे. पहिल्या आठवड्यात तिनं पडदे चार बोटं वर घेतले. मग उशांचे अभ्रे झाले. मग भाचीच्या झाडून सगळ्या कपड्यांची मानेमागची लेबलं कापून टाकली, का, तर ती टोचतात. टोचत नव्हती, असं भाचीनं सांगितलं, तर तुला कळत नव्हतं, असं उत्तर आलं. एके दिवशी भाची कामावरून आली, तेव्हा आईचं कपाट उघडं होतं आणि आईचे सहा शर्ट भाचीच्या मापाला आत घेऊन, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेले होते. भाचीनं ते उचलले, आपल्या कपाटात सगळ्यात खाली ठेवले आणि भांडी घासायला घेतली.

मॅरेथॉनचं खूळ मात्र मावशीचं नव्हतं, ते भाचीचंच. शेवटच्या आठवड्यात आईनं विचारलं होतं, की मी गेल्यावर तू काय करशील? हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर एक गृहस्थ हाफपँटीत धापा टाकत पळत चालले होते. ते दिसले म्हणून भाची म्हणाली, "मॅरेथॉन पळीन." बस दिसली तरी पळायचं नको म्हणून पुढच्या बसची वाट पाहणारी ही. आई हसली. मग तिला खोकला आला, पण आधी हसली. त्यानंतर ती हसली नाही. त्यामुळे आता पंचाईत अशी होती, की शब्द बोलून गेला होता आणि तो परत घ्यायला समोर माणूस नव्हतं.

त्या वेळी मावशी खोलीत कोपऱ्यात बसून हॉस्पिटलचा झगा उसवत होती. आईला हात वर करावा लागू नये म्हणून ती त्याला कडेनं नाड्या लावत होती. तिनं ते ऐकलं होतं. म्हणून भाची नवशिक्यांच्या गटात नाव घालायला निघाली, तेव्हा मावशी बूट घालून दारात उभी.

"तू कुठे?"

"मीही होते की तिथे," मावशी म्हणाली. जणू दोघींनी मिळूनच कबूल केलं होतं.

मावशीचं वय अठ्ठावन्न. भाचीला वाटलं, चार दिवसांची हौस आहे, फिटेल. पण मावशीची हौस फिटली नाही. उलट भाचीचेच नाकी नऊ आले. गट रविवारी पहाटे स्टेडियमच्या मागच्या फाटकाशी जमे. शिकवायला एक निवृत्त खेळशिक्षक होते, त्यांना सगळे नुसतंच सर म्हणत. पहिल्याच रविवारी मावशीनं सगळ्यांसमोर हाक मारली, "पिल्लू, नाडी सुटलीय तुझी." भाची चौतिसाव्या वर्षी पिल्लू झाली. दुसऱ्या रविवारपासून गटातली एक दातांची डॉक्टरीणही तिला पिल्लू म्हणू लागली. सर शिस्तीचे, ते पिल्लूताई म्हणत.

भाचीला पळायचं होतं ते एकटीला, गप्प. आणि मावशीच्या तोंडाचा पट्टा पाचव्या किलोमीटरला सुरू व्हायचा तो घरी पोचेपर्यंत. त्या बाईच्या पँटीची शिवण तिरकी आहे. त्या इमारतीला पडदेच नाहीत, लोक राहतात कसे. तुझ्या आईला गणित येत नव्हतं, माझ्या वहीतून उतरवायची. भाचीनं कानात गाणी लावून पाहिली, तर मावशी दंडाला हात लावून बोलायची. ती वेग वाढवायची, तर मावशी मागून तेच वाक्य मोठ्यानं पुरं करायची. सर म्हणायचे, बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे. त्यांना काय जातंय म्हणायला.

पाच महिन्यांत पाचाचे दहा झाले, दहाचे बावीस झाले, आणि तीस किलोमीटरची चाचणी आली. आयोजकांचा नियम स्वच्छ होता. पहिल्यांदा पळणाऱ्यानं चाचणी सव्वाचार तासांत पुरी करायची. केली तर मॅरेथॉनला प्रवेश, नाही तर एकवीस किलोमीटरच्या अर्ध्या शर्यतीत पळायचं. चाचण्या दोन, पंधरा दिवसांच्या अंतरानं. शुक्रवारी सरांनी नंबर वाटले, बनियनवर लावायला प्रत्येकी चार टाचण्या दिल्या, आणि भाचीला तिच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये उशीर होणार होता म्हणून दोघींचे नंबर मावशी घरी घेऊन गेली.

चाचणी चांगली झाली. खरं तर फारच चांगली. भाचीच्या मनगटावरच्या घड्याळात चार तास नऊ मिनिटं झाली होती. मावशी लाल होऊन, घामानं थबथबून, पण बोलतच, पाच मिनिटांनी आली. म्हणजे तीही मिनिटभर आधीच. भाचीला त्या क्षणी मावशीचा रागसुद्धा येत नव्हता. दोघींनी केळी खाल्ली. मग फळ्यावर यादी लागली, ती त्यांनी दोनदा वरून खाली वाचली आणि एकदा खालून वर.

"पिल्लूताई, तुमचं नाव मशीनमध्येच नाही," सर म्हणाले. "मावशींचंही नाही. मध्ये बस पकडलीत की काय?"

पण त्यांनीच तर दोघींना पोचताना पाहिलं होतं. ते जवळ आले. भाचीच्या छातीवरचा नंबर बघून त्यांनी भुवया वर केल्या. बाकी सगळ्यांचे नंबर टाचण्यांवर फडफडत होते. हिचा चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी असा बसवला होता, की जणू बनियन त्या नंबरासहितच विणला असावा. सरांनी नंबराच्या मागे पट्टी आहे का, ते बोटानं चाचपायला सांगितलं. भाचीनं चाचपलं. सपाट होतं.

"ती का? काढली मी," मावशी म्हणाली. आवाजात चांगल्या कामाचं समाधान होतं. "आत स्पंजाचा तुकडा होता, त्यात पत्र्यासारखं काहीतरी. मशीनखाली उंचवटा येत होता. शिवण सरळ जाईना."

त्या पत्र्यासारख्या काहीतरीवरून रस्त्यावर अंथरलेल्या रबरी चटईला कळतं, की कोण कधी गेलं. सरांनी हे सावकाश समजावून सांगितलं. पट्टी काढू नये असं मागे छापलेलं असतं, हेही सांगितलं.

"प्रत्येक कपड्यावर काही ना काही छापलेलं असतं," मावशी म्हणाली. पण आता तिचा आवाज खाली आला होता. "फक्त ड्रायक्लीन म्हणून छापतात. मी चाळीस वर्षं साध्या पाण्यात धुतेय. आणि नव्या कापडाला आठ भोकं पाडायची, म्हणजे..."

लॅबमध्ये लेबल नसलेली रक्ताची नळी आली, की फोन करण्याचं काम भाचीचंच होतं. माफ करा, नमुना पुन्हा द्यावा लागेल. पलीकडून लोक गयावया करत, रक्त माझंच आहे हो, मीच दिलं. ती शांतपणे सांगे, की असेल, पण आम्हाला ते धरता येत नाही. आता सर तिला तेच आणि तशाच आवाजात सांगत होते. त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

ती मावशीवर चिडली. घरी जायच्या बसमध्ये, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. तिनं पडद्यांपासून सुरुवात केली. "तुला एकही गोष्ट आहे तशी ठेवता येत नाही का? ते शर्ट तिच्या मापाचे होते. मला ते तिच्याच मापाचे हवे होते. आता ते कुणाचेच नाहीत."

मावशीनं खिडकीकडे तोंड केलं. बाकीच्या प्रवासात ती बोलली नाही, आणि पुढचे दोन दिवसही नाही. भाचीनं आठ महिने ज्या शांततेसाठी दात-ओठ खाल्ले होते, ती घरात आली आणि तिला स्वयंपाकघरात बसवेना. तिसऱ्या दिवशी तिनं मावशीला विचारलं, की रविवारी पळायचंय ना? मावशी म्हणाली, तुला चालत असेल तर. हे ऐकून भाची आणखी चिडली. मावशीनं आजवर कुणाला काय चालतं हे विचारलं होतं कधी?

दुसऱ्या चाचणीचे नंबर तिनं लॅबमधल्या आपल्या कपाटात कुलपात ठेवले. रविवारी पहाटे तिनं स्वतःच्या हातानं मावशीच्या बनियनवर चार टाचण्या लावल्या. माप देणारं गिऱ्हाईक राहतं तशी मावशी हात किंचित बाजूला करून उभी राहिली. टाचण्या वाकड्या लागल्या होत्या. मावशीनं ते पाहिलं, ओठ आवळले आणि सोडून दिलं.

पहिल्या चाचणीचा शीण पंधरा दिवसांत पायांतून गेला नव्हता. दहाव्या किलोमीटरलाच भाचीला ते कळलं. वीसपर्यंत ती घड्याळाशी भांडत राहिली. तेविसाव्याला, एका लांबच लांब गोदामाच्या भिंतीशी, तिचे पाय थांबले. तिनं थांबवले नव्हते. ती भिंतीला हात टेकून उभी राहिली आणि रडू लागली. आठ महिन्यांत आली नव्हती अशी रड, नाक वाहणारी, आवाज करणारी. पलीकडून दातांची डॉक्टरीण गेली, तिनं शहाणपणानं दुसरीकडे पाहिलं.

मागून मावशी आली. भाचीला वाटलं, आता ही जवळ घेणार आणि सगळंच संपणार.

मावशीनं तिचं कोपर धरलं आणि ओढलं. "रडायचं तर रड. पण पाय चालू ठेवून रड. घड्याळ चालू आहे."

"नाही जमत."

"तुझी आई म्हणालीच होती मला. ही चार दिवस पळेल आणि सोडून देईल."

भाचीचं रडणं तिथल्या तिथे अडलं. "असं म्हणाली?"

"हसून म्हणाली."

भाची पळू लागली. इतकी चिडून ती आयुष्यात कधी पळाली नव्हती. हसून? आपण इकडे रात्रंदिवस उशाशी बसलो, आणि तिनं बहिणीपाशी बसून हसून असं म्हणावं? तिच्या मनात आईशी कडाक्याचं भांडण सुरू झालं. आजारपण सुरू झाल्यापासून तिनं आईला एक वाकडा शब्द उच्चारला नव्हता, तो सगळा साठा आता निघाला. शाळेपासूनच्या गोष्टी निघाल्या. अर्धवट सोडलेलं गाणं, अर्धवट सोडलेली नोकरी, अर्धवट सोडलेलं लग्न. आणि आई मनात तशीच उलट उत्तरं देत होती, पूर्वी द्यायची तशी. सव्विसावा गेला. अठ्ठाविसावा कधी गेला, कळलंही नाही. चटईवर पाय पडला तेव्हा टुंग असा बारीक आवाज झाला. चार तास तेरा मिनिटं.

ती मागे वळून उभी राहिली. चार-चौदा. चार-पंधरा. वळणावर पांढरी टोपी दिसली. मावशी पळत नव्हती, पण चालतही नव्हती, त्याच्या मधलं काहीतरी करत होती. सोळा. चटईवर तिचा पाय पडला तेव्हा सतरा मिनिटं झाली होती.

भाची थेट सरांकडे गेली. मागच्या वेळी मावशी वेळेत आली होती, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, असं तिनं सांगितलं. वाटेत माझ्यासाठी थांबली नसती तर आजही आली असती, हेही सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, खरं आहे, पण यादी मशीन काढतं. भाचीनं आणखी एकदा सांगितलं. ते आणखी एकदा म्हणाले, खरं आहे. जगात इतक्या गोष्टी खऱ्या असून उपयोग काय, असं तिला विचारायचं होतं.

मावशी कट्ट्यावर बसली होती. एक बूट काढून ती अंगठ्याकडे बघत होती, नख काळं पडलं होतं. भाची शेजारी बसली. दोघी पाणी प्यायल्या.

"ती खरंच असं म्हणाली होती?"

"नाही," मावशी म्हणाली. "पण म्हणाली असती."

भाचीला पटलं, आई म्हणाली असती. अगदी याच शब्दांत. तिला हसू आलं आणि हसताना बरगड्या दुखल्या, म्हणून तिनं मावशीवर डोळे वटारले.

"सर म्हणत होते, अर्ध्याचीही सुरुवात तिथूनच आहे," मावशी म्हणाली. "एकवीसपर्यंत रस्ता एकच. तिथे आम्हाला डावीकडे वळवतात आणि तुम्हाला सरळ जाऊ देतात."

"म्हणजे एकवीस किलोमीटर तू बोलणार."

"मग काय तर."

"आणि पुढे?"

"पुढे तुझी तू. तेच हवं होतं ना तुला?"

मावशीनं काळ्या नखावर पाणी ओतलं, तोंड वाकडं केलं, पायमोजा वर ओढला. दोघींपैकी कुणालाच उठवत नव्हतं. समोर सर चटईची गुंडाळी करत होते.

"डावीकडे वळलीस की लगेच घरी जाऊ नकोस," भाची शेवटी म्हणाली. "मी येईपर्यंत थांब."

"किती वेळ?"

"तीन तास. जास्तच लागेल. साडेतीन."

"साडेतीन तास मी काय करू तिथे?" मावशी वैतागून म्हणाली. "बोलायलासुद्धा कोणी नसणार." मग म्हणाली, "थांबेन. पण सावलीची जागा बघून ठेव, आणि ती कुठे आहे ते मला आधीच सांग. शोधत बसायला लावू नकोस."