पत्त्यांवर उगवलेला आवाज

माझे यजमान वारले आणि पुढच्याच आठवड्यात प्लेटवर उगवले.

मी आष्ट्याजवळच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवते. दुधात, लोण्यात, कामगारांच्या हातांवर काय काय नांदतंय ते बघणं हे माझं काम. काचेच्या चपट्या बशीत खरवसासारखं थिजलेलं खाद्य असतं. त्यावर नमुना पुसायचा, झाकण लावायचं आणि बशी उपडी करून इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी ठिपके दिसतात. एकेका ठिपक्यात एकाच जिवाचं सगळं गोत असतं.

आमचे हे, बाळगोंडा, म्हणजे साऱ्या गावाचे बाळूदादा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले ते थेट सलूनच्या बाकावर जाऊन बसले, रमी खेळायला. पत्त्यांचा जोड त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात असायचा. त्या पत्त्यांइतकी घाण वस्तू मी जन्मात पाहिली नाही, आणि घाण बघण्यातच माझा जन्म गेलाय. "एकदा प्लेटवर लावूनच बघते," असं मी म्हणायची. ते म्हणायचे, "लाव की. चार राण्या उगवून येतील."

त्या दिवशी चपला घालता घालता ते म्हणाले, "एक गंमत झालीय. आल्यावर सांगतो." बाकावर बसल्या बसल्याच गेले. त्यांच्या डावातल्या मगदूमभाऊजींनी पत्ते घरी आणून दिले. गंमत काय होती, ते बाकावरच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मला दुसरं काही सुचेना. जेवताना, दूध तापवताना, एकच विचार डोक्यात, की हा माणूस मला काय सांगणार होता.

पत्ते टाकून देववेनात आणि नुसत्या हातानं धरवेनात. म्हणून हातमोजे घालून त्यांच्यावर कापसाचा बोळा फिरवला आणि प्लेटवर पुसला.

सकाळी झाकण जरासं उचललं, तर सलूनचं बाक ऐकू आलं. मगदूमभाऊजी हसत होते, इरगोंडा पान कुणी लपवलं म्हणून ओरडत होता, कात्री चालत होती, बाकाखालचं कुत्रं गुरगुरत होतं. पिवळे, पांढरे, सायीच्या रंगाचे ठिपके एकमेकांवर चढले होते. त्या गर्दीतून यजमान म्हणाले, "अगं, गंमत झाली..." आणि पुढचं सगळं हसण्यात बुडालं.

शेजारच्या टेबलावर शबाना मुजावर काम करते. आम्ही दोघी एकाच वर्षी संघात लागलो. ती येऊन वाकली.

"अक्का, हे बाळूदादाच आहेत."

"तेच आहेत."

"लई गर्दी झालीय पण."

"वेगळे करून घेते," मी म्हणाले.

वेगळं करायची रीत ठरलेली आहे. टेबल स्पिरिटनं पुसायचं, बर्नर पेटवायचा, मास्क लावायचा. तारेचं कडं ज्योतीत लाल करायचं, निवू द्यायचं, हव्या त्या ठिपक्याला टेकवायचं आणि नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या. मग कडं परत लाल करायचं आणि त्या रेघांच्या टोकातून पुढच्या रेघा ओढायच्या. असं करत गेलं की गर्दी विरळ होत जाते आणि शेवटी एकेकटे ठिपके उरतात. त्याला आम्ही शुद्ध म्हणतो.

"जुनी प्लेट ठेवू या का थोडे दिवस?" शबानानं विचारलं.

"कशाला? उगवलेलं काही या खोलीतून जिवंत बाहेर जात नाही. पहिल्या दिवसापासून मीच सांगत आलेय सगळ्यांना."

जुनी प्लेट पिशवीत बांधली आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर, वाफेवर सगळं मारून टाकणारा. तो आमच्याकडे व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे.

संध्याकाळी घरी जाताना सलूनवरून गेले. बाकावर डाव रंगला होता. मगदूमभाऊजी मान मागे टाकून हसत होते आणि त्या हसण्याला आवाज नव्हता. कात्री केस कापत होती, तिलाही नव्हता. मी थांबले तसे भाऊजी माझ्याशी काहीतरी बोलले, सांत्वनाचंच असणार, कारण बोलताना त्यांनी डोळे पुसले. आपल्याला आवाज नाही हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं. कुत्रं माझ्याकडे बघून तोंड उघडत होतं, मिटत होतं.

मला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आता मध्ये कुणी बोलणार नव्हतं.

दुसऱ्या प्लेटवर बाकावरचं कुणी नव्हतं. यजमान मात्र स्पष्ट बोलत होते. "अगं, गंमत झाली," म्हणाले. लगेच शेजारचा एक गुलाबी ठिपका म्हणाला, "लई गर्दी झालीय पण." शबाना उघड्या प्लेटवर वाकून बोलली होती ना, तिचा आवाज तिथं पडला होता. तो दर थोड्या वेळानं तेच म्हणायचा, नेमका यजमानांच्या पुढच्या वाक्यावर.

"माझाच गोंधळ झाला," शबाना म्हणाली. "घ्या वेगळं करून."

मी परत रेघा ओढल्या. दुसरी प्लेट पिशवीत बांधली आणि व्हरांड्यात आले, तर व्हरांडा आखूड झाला होता. कोठीची खोली नव्हती, पाण्याचा पिंप नव्हता. चार पावलांत ऑटोक्लेव्हपाशी पोचले.

दुसऱ्या दिवशी शबाना आली, ॲप्रन चढवला, माझ्याकडे बघून रोजच्यासारखं काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी तिचा हात धरला. तिनं हसून माझा हात थोपटला आणि ताकाचे नमुने लावायला बसली. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांची सोबत होती, आता तिच्या आवाजातलं 'अक्का' मला परत ऐकायला मिळणार नव्हतं. तरीही मी उठले आणि इन्क्युबेटर उघडला, कारण तिसरी प्लेट तयार होती.

तिसऱ्या प्लेटवर यजमान जवळजवळ एकटे होते. सायीच्या रंगाचा, कडा चकचकीत असलेला गोल, भरल्या अंगाचा ठिपका. पण त्याला अगदी चिकटून टाचणीच्या डोक्याएवढा एक पांढरा ठिपका होता. यजमान म्हणाले, "अगं, गंमत झाली." पांढरा ठिपका म्हणाला, "हं."

यजमान म्हणाले, "मगदूमाच्या हातात तीन गुलाम."

"हं," तो ठिपका म्हणाला.

तो आवाज माझा होता. मी स्वयंपाकघरात असायची आणि हे बाहेरच्या खोलीत पत्ते लावत दिवसभराच्या गोष्टी सांगायचे. दर वाक्यानंतर थांबायचे. माझं हं आलं की पुढं जायचे. पोळी लाटताना माझं अर्धं लक्ष नसायचं, पण हं तेवढं सुटायचं नाही. तेच पत्त्यांना लागलं होतं.

"आणि माझ्याकडे बघ काय आलं," ते म्हणाले.

मी झाकण लावलं. चिकटलेले दोन ठिपके म्हणजे शुद्ध नव्हे. नवीन पोरी कामाला लागतात तेव्हा मी त्यांना हेच शिकवते. इथवर आले होते, आता एकच पायरी राहिली होती. इतकी वर्षं ज्यांनी हातात कडं धरलंय, त्यांचा हात अशा वेळी आपोआप बर्नरकडे जातो. माझाही गेला. सायीच्या ठिपक्याच्या पलीकडच्या कडेला, पांढऱ्यापासून लांब, कडं टेकवलं आणि नव्या प्लेटवर रेघा ओढल्या. शबाना तिच्या टेबलावरून उठून आली, जुन्या प्लेटवर हात आडवा धरला आणि मान हलवून नको नको म्हणाली. तिचे ओठ भराभर हलत होते. मी तिचा हात हळूच बाजूला केला. ऑटोक्लेव्ह आता माझ्या टेबलाला लागूनच होता. जुनी प्लेट पिशवीत बांधून त्यात ठेवायला जागेवरून उठावंसुद्धा लागलं नाही.

चौथी प्लेट इतकी शुद्ध होती, की इतक्या वर्षांत तशी माझ्या हातून निघाली नव्हती. मी झाकण उचललं.

"अगं, गंमत झाली," यजमान म्हणाले.

ते थांबले. मी हं म्हणाले. हातमोज्याचा हात गळ्यावर ठेवला आणि परत म्हणाले. गळ्यात काहीच हललं नाही. शबाना दाराशी उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"अगं, गंमत झाली," ते परत म्हणाले, आधीच्याच सुरात. पुन्हा थांबले.

दिवसभर ते तेवढंच म्हणत होते आणि वाढत होते. ठिपका पसरत चालला होता. प्लेटमधलं खाद्य काही जन्माला पुरत नाही. कड गाठली की वाढ थांबते, मग ते सुकतं. मी बोटांनी टेबल वाजवलं, प्लेटवर टिचकी मारली. त्यांना फक्त हं हवं होतं.

शेवटी मी कधीच केलं नव्हतं ते केलं. मास्क काढला, उघड्या प्लेटवर वाकले आणि तोंडानं त्यांच्यावर श्वास सोडला. माझ्या आत कुठं एखादं हं उरलं असेल तर ते पडावं म्हणून पोटापासून सोडला. मग झाकण लावून, प्लेट उपडी करून उबेत ठेवली.

सकाळी यजमानांच्या सभोवती शेकडो बारीक पांढरे ठिपके उगवले होते, एकमेकांना खेटून, कडेपर्यंत. मी कान लावला. त्यांच्यातला एकही बोलत नव्हता.

यजमान मात्र खुशीत आले. बाक भरलं की त्यांचा आवाज असाच व्हायचा.

"अरे, कोण कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

कुणी ओ दिली नाही. तेव्हा ते एकेकाचं नाव घ्यायला लागले. "मगदूम?" म्हणाले आणि थांबले. "इरगोंडा?" म्हणाले आणि थांबले. शबानाचंही नाव घेतलं. प्रत्येकासाठी ते पूर्वीसारखेच नीट थांबत होते. त्या थांबण्यात मला इन्क्युबेटरची घरघरसुद्धा ऐकू येत नव्हती.

माझं नाव त्यांनी संसारात कधी घेतलं नाही.

"अगं?" ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. प्लेटचं झाकण माझ्या श्वासानं धूसर झालं.